परत येणाऱ्यांसाठी परभणीत काय आहे? : पालकमंत्र्यांना खुले पत्र

मा. पालकमंत्री, परभणी जिल्हा,


आपल्या परभणीत घरभाडे स्वस्त आणि पेट्रोल महाग. बाहेरच्या माणसाला याचे नवल वाटते, आम्हाला वाटत नाही. मे २०२१ मध्ये साध्या पेट्रोलने शंभरी ओलांडली, तेव्हा राज्यात सगळ्यांत आधी ज्या गावांची नावे बातम्यांत झळकली त्यांत परभणी होते. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये आमचा भाव १२० च्याही वर गेला. कारण सरळ आहे. मुंबईहून येणारी इंधनाची पाइपलाइन मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोपर्यंत येते. तिथून पुढे सुमारे तीनशे किलोमीटर टँकर धावतो आणि त्या टँकरचे भाडे आमच्या गाडीच्या टाकीत लिटरमागे मोजून पडते. पुण्यातल्या मुलापेक्षा परभणीतला बाप दर लिटरला दोन-तीन रुपये जास्त देतो. गाव टोकाला असले की काय होते ते पंपावरच्या आकड्यांत रोज दिसते.

हे पत्र मात्र पेट्रोलपुरते नाही. परत यायचे की नाही, हा प्रश्न सध्या पुण्यात वाघोली, खराडी, हडपसर, वाकड, मोशी भागात राहणाऱ्या परभणीच्या कितीतरी घरांत घोळतो आहे. माझ्याही घरात घोळतो आहे. मी जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक. आयुष्यभर जिंतूर आणि सेलू तालुक्यांत शिकवले, वसमत रोडला घर बांधले. मुलगा पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. सून रसायनशास्त्रात एमएस्सी, एका औषध कंपनीच्या तपासणी प्रयोगशाळेत काम करते. नात दुसरीत. परवा दिवाळीत मुलगा म्हणाला, "बाबा, कंपनीने महिन्यातून एकदा ऑफिसला आलं तरी चालेल म्हटलंय. आम्ही इकडंच यावं का?"

बापाने यावर लगेच "या" म्हणावे. आईने तर म्हटलेसुद्धा. माझ्या तोंडून मात्र ते चटकन निघाले नाही, आणि का निघाले नाही हेच आपल्याला सांगायचे आहे.

आम्ही वही घेऊन बसलो. मुलाने एका बाजूला पुणे लिहिले, दुसऱ्या बाजूला परभणी. वाघोलीत दोन खोल्या, हॉल आणि स्वयंपाकघर, मेंटेनन्ससह भाडे २६ हजार. नातीची शाळा, शाळेची बस, पाळणाघर, जिथे ती आईबाप येईपर्यंत थांबते. सुनेची कामावर जायची-यायची गाडी. घर विकत घ्यायचे म्हटले तर ६० लाखांचे कर्ज, व्याज साडेआठ टक्के, मुदत २० वर्षे. हप्ता ५२ हजारांवर जातो आणि वीस वर्षांत बँकेला सव्वा कोटीच्या घरात द्यावे लागतात. त्याशिवाय पुण्यात खरेदीवर ७ टक्के मुद्रांक शुल्क. परभणीच्या बाजूला भाडे शून्य, कारण घर आपले. पाळणाघर शून्य, कारण आजी-आजोबा आहेत. भाजी शनिवार बाजारातली, ताजी आणि निम्म्या दरात. ज्वारी गावाकडची. मुलाने बेरीज केली आणि म्हणाला, "महिन्याला चाळीसेक हजार वाचतात." त्याच्या आईने पदर खोचून विचारले, "मग अडलं कुठं?"

मग मी त्याच वहीत, परभणीच्या बाजूला, एकेक ओळ वाढवत गेलो.

वीज. महावितरणचा दर वाघोलीला जो, तोच वसमत रोडला. पण मे महिन्यात पारा ४२-४४ वर जातो तेव्हा कूलर पुरत नाही आणि घरून काम करणाऱ्याला दुपारी एसी लावावाच लागतो. लाइट गेली की इन्व्हर्टर, इन्व्हर्टर उतरला की फोनचे नेट, तेही गेले की मीटिंग गेली. मोबाइलचा रिचार्ज, औषधाची पट्टी, साबण, वह्या, शाळेचे दप्तर, सगळ्यावर छापील किंमत एकच. डॉक्टरची फी कमी आहे, पण मोठ्या दुखण्याला नांदेड किंवा संभाजीनगर गाठावे लागते. त्याचे गाडीभाडे, नातेवाइकाच्या घरी मुक्काम, रजा हे सगळे त्या फीमध्ये धरायला हवे.

मग स्वस्त नेमके काय? भाजी-ज्वारी सोडली तर दोनच गोष्टी उरल्या. जागा आणि माणसाचे श्रम. धुणीभांडी करणाऱ्या बाईला पुण्यात जे मिळते त्याच्या तिसऱ्या हिश्शात आमच्याकडे बाई मिळते. गवंडी, रंगारी, प्लंबर, शिकवणी घेणारा बीएड झालेला पोरगा, सगळे स्वस्त. ही स्वस्ताई आम्ही कौतुकाने सांगतो, तेव्हा एक गोष्ट बोलत नाही. माझा कमी झालेला खर्च म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी कमी झालेली कमाई. म्हणून तर आमच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईंचा मुलगा आज पुण्यात एका सोसायटीच्या गेटवर रात्रपाळी करतो, आणि गंगाखेड-पालम-सोनपेठच्या कोयत्याच्या जोड्या दसरा-दिवाळीला लेकरेबाळे घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. त्यांना महागाईने गावाबाहेर काढले नाही. स्वस्ताईनेच काढले. चाळीस हजार वाचवायला परत येणारा माझा मुलगा आणि बारा-पंधरा हजारांसाठी गाव सोडणारा त्या बाईंचा मुलगा पुण्यावरून जाणाऱ्या एकाच नांदेड-पनवेल रेल्वेगाडीने उलट्या दिशांनी जाणार, हे मला वहीत लिहिता आले नाही, पण डोक्यातून गेले नाही.

आता पाणी. आपण जिल्ह्याच्या बैठकांत आकडे ऐकता. एका घरातले पाणी कसे येते ते सांगतो. शहराला पूर्णा नदीवरून पाणी, आधी राहटी बंधाऱ्याचे, मग येलदरी धरणाचे. येलदरीवरून पाणी आणण्याची योजना वर्षानुवर्षे रेंगाळली, अखेर सुरू झाली, जलवाहिन्या टाकल्या, टाक्या बांधल्या. धरण काठोकाठ भरलेले असते तेव्हाही आमच्या भागात नळ आठ-दहा दिवसांनी सुटतो. वेळ ठरलेली नाही. कधी पहाटे चारला, कधी रात्री अकराला. शेजारच्या गल्लीतून फोन येतो, "सर, आमच्याकडं सुटलं, तुमच्याकडं तासाभरात येईल." मग मोटार लावायची, पाइप जोडायचा, पहिली पाच मिनिटे गढूळ पाणी अंगणात सोडायचे, मग हौद, मग गच्चीवरची टाकी, मग स्वयंपाकघरातले पिंप, मग बादल्या, मग पातेली. मध्येच लाइट गेली तर संपले. त्या दिवशी कुणाच्या घरी लग्न असले तरी घरात एक माणूस मागे राहते, आणि ते माणूस बहुतेक वेळा बाई असते. प्यायला वीस लिटरचा जार वेगळा विकत. उन्हाळ्यात बोअर आटला की टँकर. घर बांधताना मी दिवाणखान्यापेक्षा जास्त विचार हौदाचा केला. परभणीत घर दाखवायला आलेला दलालही आधी बोअरला पाणी किती ते सांगतो, मग खोल्या दाखवतो.

आता हे सारे पुण्यातल्या नोकरदार सुनेच्या दिनक्रमात बसवून पाहा. वाघोलीतही टँकर येतात, तिथेही सोसायट्यांची पाण्यावरून भांडणे आहेत, हे मला ठाऊक आहे. पण तिथे तो टँकर सोसायटीचा सेक्रेटरी मागवतो आणि नळ उघडला की पाणी येते. इथे घरातल्या प्रत्येक बाईला थोडीथोडी पाणीपुरवठा अधिकारी व्हावे लागते.

सुनेचे बोलणे सगळ्यांत शेवटी आले, आणि सगळ्यांत महत्त्वाचे तेच होते. ती एवढेच म्हणाली, "बाबा, याचं काम लॅपटॉपवर होतं. माझं काम मशीनवर होतं. ते मशीन परभणीत कुठं आहे?" वहीत या प्रश्नाला रकाना नव्हता. तिचा पगार आम्ही पुण्याच्या बाजूला धरलाच नव्हता. तिची नोकरी जाईल हे आम्ही सगळ्यांनी, तिच्या सासूने आणि मीसुद्धा, गृहीत धरून बेरीज केली होती. तिचा पगार वजा केला तर वाचलेले चाळीस हजार पुसले जातात, वर तूट येते. पैशांचे सोडा. दहा वर्षे शिकून, पाच वर्षे काम करून मिळवलेली ओळख ती वसमत रोडवरच्या घरात ठेवणार कुठे? एखाद्या विनाअनुदानित शाळेत सहा-सात हजारांवर विज्ञान शिकवायचे, की मोटार लावायला घरी थांबायचे?

मी आजूबाजूला विचारले. परत आलेली जी थोडी कुटुंबे मला माहीत आहेत त्यांत जवळजवळ प्रत्येक ठिकाणी नवऱ्याची नोकरी सोबत आली आणि बायकोची सुटली. "गावी परत चला" असे आपण सभांमधून म्हणतो तेव्हा हे आवाहन अर्ध्या घरालाच लागू पडते. परभणीला परतायचे की नाही, हे यापुढे मुलाच्या नेटवर ठरणार नाही. सुनेला इथे काम आहे का, यावर ठरणार आहे. हा माझ्या पत्राचा मुख्य मुद्दा आहे आणि आपल्यासारख्या पदावरच्या व्यक्तीने तो आधी ऐकावा असे मला मनापासून वाटते.

आता दवाखाना. गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांना रात्री साडेदहाला पक्षाघाताचा झटका आला. बोलता येईना, उजवा हात उचलेना. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवायचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, त्याआधी मेंदूचा फोटो काढून रक्तस्राव नाही ना ते बघावे लागते. गाडी कुणाची, चालवणार कोण, कोणते हॉस्पिटल रात्री घेईल, यात तासभर गेला. मग नांदेडचा रस्ता. वेळेत पोचले, म्हणून आज काठी घेऊन का होईना चालतात. घरात सत्तरीचे आईबाप असलेला पुण्यातला मुलगा परत यायचा विचार याच काळजीने करतो: आपण जवळ असलो तर धावपळ तरी करू. आणि परत न यायचा विचारही तो याच काळजीने करतो: त्यापेक्षा आईबापांनाच पुण्याला आणू. आमच्या घरी दोन्ही विचार एकाच संध्याकाळी झाले.

परभणीचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २०२३ मध्ये सुरू झाले. त्यासाठी या जिल्ह्याने मोर्चे काढले, उपोषणे केली, पक्ष बाजूला ठेवून माणसे रस्त्यावर आली. डॉक्टर होऊ पाहणारी मुले आता इथेच शिकतात, याचा आनंद मी लपवत नाही. पण महाविद्यालयाची पाटी आणि रात्री अकराला हजर असलेला मेंदूविकारतज्ज्ञ यांत अंतर आहे. ते अंतर भरायला तज्ज्ञाने परभणीत राहायला यावे लागेल. आणि त्याने यावे म्हणून सरकार काय करते? घरभाडे भत्त्याच्या वर्गवारीत मुंबई-पुणे एक्स, नांदेड-संभाजीनगर वाय आणि परभणी झेड. केंद्राच्या कर्मचाऱ्यांना २०२४ पासून हे दर मूळ वेतनाच्या ३०, २० आणि १० टक्के आहेत. राज्याची वर्गवारीही त्याच धर्तीची. म्हणजे परभणी स्वस्त आहे असे धरून, इथे राहायला येणाऱ्या डॉक्टरला, प्राध्यापकाला, अभियंत्याला पुण्यापेक्षा कमी पैसे हातात पडतात. भाड्याच्या हिशेबाने ते बरोबर असेल. पण त्याची बायकोही नोकरी सोडून येते, त्याची मुले पुढे दुसऱ्या गावी शिकायला जाणार असतात, त्याचीही सुट्टी गाडीत जाते. या सगळ्याचा हिशेब भत्त्याच्या कोष्टकात नाही. मग बदली होऊन आलेला माणूस पहिल्या दिवसापासून परत जायच्या अर्जाचा मसुदा तयार ठेवतो. त्याला मी दोष देत नाही, कारण माझ्याच मुलाच्या वहीत त्याच ओळी आहेत.

मुलांचे शिक्षण. दहावीपर्यंत परभणीत उत्तम शाळा आहेत. सेलूच्या नूतन विद्यालयासारखी जुनी संस्था आजही नावाजलेली आहे. अकरावी आली की निम्मी बॅच लातूरला, नाहीतर नांदेडला. खोली, मेस, क्लासची फी. मुले घडतात, मी नाकारत नाही. पण पुण्याहून स्वस्ताईसाठी परत आलेल्या घराला आठ-दहा वर्षांत पुन्हा एक घरभाडे सुरू होते, फक्त शहर बदललेले असते.

सुनेच्या प्रश्नाला मी उत्तर शोधू लागलो तेव्हा मला आठवले की ते उत्तर आपल्याच जिल्ह्यात उभे आहे. कृषी विद्यापीठ. ते परभणीलाच व्हावे म्हणून इथल्या माणसांनी आंदोलन केले आणि १८ मे १९७२ रोजी विद्यापीठ स्थापन झाले. वर्ष बघा. महाराष्ट्र त्या सुमारास शतकातल्या सर्वांत कठीण दुष्काळात शिरत होता. मराठवाड्यातली माणसे खडी फोडत होती, सुकडी खात होती, जमेल तिकडे बाहेर पडत होती. याच दुष्काळाने राज्याला रोजगार हमी योजना दिली. त्याच वर्षी परभणीत असे एक ठिकाण उभे राहिले की जिथे बाहेरून माणसे राहायला येऊ लागली. प्राध्यापक, शास्त्रज्ञ, प्रयोगशाळा सहायक, त्यांच्या बायका, त्यांची मुले. त्यांतल्या कित्येकांनी निवृत्तीनंतरही परभणीतच घरे केली. त्या विद्यापीठाच्या वाणांच्या नावातूनच ज्वारीच्या शेतात आमच्या गावाचे नाव पोचले: परभणी मोती, आणि २०१८ मध्ये इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीकसंशोधन संस्थेच्या सोबतीने आलेली, लोह आणि जस्त जास्त असलेली परभणी शक्ती. माझ्या सुनेला जे मशीन हवे आहे तशी मशीन आज परभणीत कुठे असतील तर त्याच आवारात आहेत. धान्य, दूध, खते, कीटकनाशके, पाणी, माती यांच्या तपासणीचा खासगी व्यवसाय या विद्यापीठाभोवती वाढायला काय हरकत आहे? मानवत-सेलूचा कापूस, जिल्ह्याची सोयाबीन, तूर, हळद यांचे नमुने तपासायला बाहेर का पाठवायचे? एमएस्सी झालेल्या मुली आमच्या प्रत्येक गल्लीत आहेत. त्यांना काम मिळेल, आणि त्या मिळालेल्या कामाकडे बघून पुण्यातल्या त्यांच्या मैत्रिणी परत यायचा विचार करतील.

विद्यापीठानंतर दोन वर्षांनी, १९७४ मध्ये, मराठवाडा विकास आंदोलन पेटले. वसमतला गोळीबार झाला. वसमत तेव्हा परभणी जिल्ह्यातच होते. मागण्यांत नोकऱ्या होत्या आणि रुंद रेल्वेमार्ग होता. ती रुंद पटरी आमच्यापर्यंत पोचायला नव्वदचे दशक उजाडले. आंदोलनाच्या वेळी आम्ही पोरसवदा होतो, घोषणा देत होतो. आज माझे वय झाले आणि मागण्यांच्या यादीत रेल्वे अजून आहेच. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळ मिळाले, त्याची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, आणि मागास भागाचा हिशेब अधिकृतपणे मांडायची जागाही गेली. मला त्याचे दुःख आहे. मंडळाने फार काही दिले म्हणून नाही, तर आता अनुशेष हा शब्द कुठल्या टेबलावर घेऊन जायचा ते कळत नाही म्हणून.

रेल्वेचे बरे चालले आहे तेही सांगतो. ऑगस्ट २०२५ पासून मुंबईची वंदे भारत नांदेडपर्यंत आली, परभणीला थांबते. मुदखेड ते परभणी दुहेरी मार्ग झाला, पुढे संभाजीनगरपर्यंतच्या दुहेरीकरणालाही मंजुरी मिळाली. पण परभणीकरांचे अर्धे आयुष्य मुंबईला नाही, पुण्याला गेले आहे. पुण्याला जाणारी पनवेल गाडी परळी, लातूर, कुर्डुवाडी करत रात्रभर जाते आणि सणासुदीला तिचे रिझर्वेशन उघडताच संपते. मग ट्रॅव्हल्स. एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडे खासगी बसने घेऊ नये, असा सरकारचा निर्णय एप्रिल २०१८ चा आहे. दिवाळीच्या आदल्या रात्री तो निर्णय वाघोलीच्या थांब्यावर उभ्या असलेल्या एकाही कुटुंबाला दिसत नाही. महिन्यातून एकदा ऑफिसला जायचे असेल तर एक भरवशाची गाडी पुरे. ती एक गाडी मिळायची वाट बघणेच कठीण होते.

पुण्यात राहणे आणि परत येणे याशिवाय तिसऱ्या वाटेबद्दलही लोक बोलतात, ते आपण ऐकून ठेवावे. हैदराबाद. देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसले की थेट सिकंदराबाद. आमच्या आजोबांच्या पिढीची ती राजधानी. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यातच होतो, उर्दू कागदपत्रे आजही घराघरांत सापडतात. आता नातवांची पिढी तिकडे नोकरीला जाऊ लागली आहे, कारण पुण्यापेक्षा घर परवडते असे त्यांना वाटते. नांदेडच्या धर्माबाद तालुक्यातल्या गावांनी तर २०१८ मध्ये गावासकट तेलंगणात जायची मागणी केली होती. शेतकऱ्याला एकरी मदत, शेतीला चोवीस तास वीज, मुलींच्या लग्नाला अनुदान हे त्यांना नदीपलीकडे दिसत होते. माझा जीव महाराष्ट्रात आहे. संयुक्त महाराष्ट्रात मराठवाडा कुठलीही अट न घालता आला याचा मला अभिमान आहे. म्हणूनच ती मागणी वाचताना मला राग आला नाही, लाज वाटली. माणसे भाषा सोडून दुसऱ्या राज्यात जायचे म्हणतात तेव्हा त्यांचा हिशेब किती दिवसांपासून जमत नसेल!

आमच्याकडे लहानपणापासून एक म्हण ऐकू येते: बनी तो बनी, नहीं तो परभणी. जमले तर जमले, नाही जमले तर परभणी आहेच. बाहेरगावचे लोक ती हसत म्हणतात, आम्हीही म्हणतो. पण टाळेबंदीत २०२० साली पुण्या-मुंबईहून माणसे डोक्यावर बोचकी घेऊन गावी आली तेव्हा ती म्हण शब्दशः खरी झाली. या जिल्ह्याने त्यांना जेवू घातले, शाळांच्या खोल्यांत ठेवले, शेतात कामाला लावले. पुढे गाड्या सुरू झाल्या आणि बहुतेक सगळी परत गेली. आसरा होता, काम नव्हते. माझ्या मुलाने हरून परभणीला यावे असे मला वाटत नाही. त्याने आणि तिने दोघांनी, हातात दुसरा पर्याय असताना, विचार करून यावे असे वाटते. कवी-कथाकार बी. रघुनाथ इथल्या सरकारी कचेरीत नोकरी करत लिहीत राहिले. आसाराम लोमटे यांना २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो याच जिल्ह्याच्या मातीतल्या कथांसाठी. इथे राहून मोठे काम होते, याचे पुरावे आमच्याकडे आहेत.

आपण जिल्हा नियोजन समितीच्या अध्यक्ष आहात. सगळे एका वर्षात होणार नाही हे मी जाणतो, आणि पेट्रोलचा डेपो मराठवाड्यात आणणे आपल्या एकट्याच्या हातातही नाही. पण काही गोष्टी आहेत. नळाला पाणी रोज देता येत नसेल तर निदान वार आणि वेळ ठरवून द्या, आणि ती पाळली गेली नाही तर महापालिकेने आदल्या दिवशी फोनवर कळवावे. यासाठी नवे धरण लागत नाही, वेळापत्रक लागते. वैद्यकीय महाविद्यालयात पक्षाघात आणि हृदयविकाराच्या रुग्णाला रात्री घेणारी व्यवस्था उभी करा. त्या डॉक्टरांना परभणीत राहण्यासाठी वेगळा भत्ता आणि आवारातच चांगले घर मिळेल असे बघा. कृषी विद्यापीठाला आणि एमआयडीसीला एका टेबलावर बसवा आणि तपासणीच्या प्रयोगशाळांसाठी जागा, पाणी, अखंड वीज द्या. त्यांत मुलींना आधी घ्या. पुण्याच्या गाडीसाठी आमच्या खासदारांसोबत रेल्वेकडे जा. आणि परत येऊ इच्छिणाऱ्यांची नोंद जिल्हाधिकारी कार्यालयात सुरू करा: कोण, काय शिकलेले, नवऱ्याचे काम काय, बायकोचे काय. बायकोचा रकाना कोरा ठेवू नका. तो भरला की कुठला उद्योग इथे आणायचा ते आपल्याला त्या यादीतच वाचायला मिळेल.

एक धोकाही सांगतो. माणसे परत येणार अशी हवा झाली की आधी धावतात ते प्लॉटवाले. वसमत रोड, जिंतूर रोडच्या काळ्या जमिनीत आजच चुन्याच्या रेघा आखलेल्या दिसतात. पाण्याची, गटाराची सोय नसलेल्या प्लॉटिंगला परवानगी मिळाली तर भाडे स्वस्त हा आमचा एकुलता एक फायदाही जाईल, आणि जो इथेच राहिला, कधी गेलाच नाही, त्याला गावात घर परवडणार नाही. परत येणाऱ्यांची सोय करताना न गेलेल्यांचे हाल होऊ देऊ नका.

माझ्या मुलाचा वाघोलीचा भाडेकरार अकरा महिन्यांचा असतो, तो मे महिन्यात संपतो. घरमालकाला दोन महिने आधी सांगावे लागते, म्हणजे मार्चपर्यंत त्याला ठरवायचे आहे. नातीचा प्रवेशही त्याच सुमारास घ्यावा लागेल. सुनेने तिचे शिक्षण, अनुभव आणि तिला येणाऱ्या यंत्रांची नावे एका कागदावर लिहून माझ्याकडे दिली आहेत. तो कागद मी या पत्रासोबत आपल्या कार्यालयात आणून देतो आहे. मार्चच्या आधी त्यावर कुणीतरी तिला फोन करावा, एवढी व्यवस्था करावी.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक
वसमत रोड, परभणी